ओबादाया फोर्डाइसची बदनामी

पोटारो नदीच्या वरच्या अंगाला जंगलात एक जुनी पायवाट आहे. तिथं सोनं शोधणाऱ्यांच्या छावण्या होत्या. आता शेवाळलेले चर, गंजलेली पातेली, फुटक्या बाटल्या तेवढ्या उरल्यात. सतरा वर्षं मी लोकांना ती वाट दाखवतोय.

तिसऱ्या छावणीत माझी ठरलेली गोष्ट असायची. ओबादाया फोर्डाइसनं मूठभर सोन्यासाठी खोदकामातल्या जोडीदाराला कुऱ्हाडीनं तोडलं! नाव खरं होतं, तिथल्या फळीवर कोरलेलं. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं.

त्या दिवशी सहाजण होते. जॉर्जटाऊनची इस्मे आंटी सत्तरीची, काठी टेकत मागून येत होती. मी कुऱ्हाड उगारल्याचं सोंग केलं. एकानं मान टाकून मेल्याचा फोटो काढून घेतला. सगळे खिदळले.

आंटी फळीवरची अक्षरं चाचपत होती.

"विन्स्लो, हे कुणी सांगितलं तुला?"

"जुनी माणसं सांगतात, आंटी."

"ओबादाया माझा बाप."

मी फळीपासून मागं सरलो.

"जोडीदार तापानं फणफणला, तर त्याला पाठुंगळी घेऊन बाबा दोन दिवस चालला," ती म्हणाली. "तो वाचला. मग बाबाला ताप भरला, त्यात बाबा गेला. तो वाचलेला माणूस दर ख्रिसमसला यायचा आमच्याकडे. आईसमोर टोपी काढून उभा राहायचा, बसायचा नाही."

दुपारी सगळे कसावा कंदाची भाकरी खायला बसले. शेवटी तिच्याजवळ गेलो.

"आंटी, कुणी सांगितलं नव्हतं. मीच रचलं. खून म्हटलं की लोक कान देतात."

"ते मला कळलंच होतं. मला काय सांगतोस? त्यांना सांग."

नदीकाठी होडीत बसण्याआधी सगळ्यांना थांबवलं आणि खरं काय ते सांगितलं. मान वर करवत नव्हती.

"हात्तिच्या! आधीचीच भारी होती की," मेल्याचं सोंग करणारा म्हणाला. दोघे हसले.

होडीत चढताना मी आंटीला हात दिला. तिनं तो धरला नाही.

आता तिथं मी खरं तेच सांगतो. लोक अर्धंमुर्धं ऐकतात, पुढं सरकतात. पण सतरा वर्षांत शेकडो माणसं ती खोटी गोष्ट घरी घेऊन गेली. त्यांना कुठं गाठू?