शेवाळाच्या सुपाचा ठपका

मी जेवणाचा चौरंग बोलतोय. बोलायला लावलंय म्हणून बोलतोय, हौस नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा गोड बोलणं जमायचं नाही.

आजी नवरी होऊन आली, तिच्यामागून मी आलो. सोलच्या या बोळात तिच्या नातीनं, बोक-सिलनं, माझ्यावरच पाढे गिरवले. वहीवर किमचीचा रस्सा सांडायचा. शेजारची म्योंग-ह्वा यायची, बोक-सिल तिला गणितं समजावायची. दोघींची चार कोपरं माझ्या अंगावर. बरे दिवस होते.

सहावीत आईनं टेबल आणलं. खणाचं, वार्निश मारलेलं.

"वरच्या शाळेत जायचं तर जमिनीवर बसून चालायचं नाही," ती म्हणाली. "आणि त्या म्योंग-ह्वाला शिकवणं बंद. उद्या तीच तुझी जागा खाईल!"

टेबलाला चुलीच्या धगीनं खालून तापणाऱ्या जमिनीचा ऊबदार कोपरा मिळाला, दिवा मिळाला. पोर जेवायची तीही तिथंच. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून. चूल शेजारी होती, पण मी जळलो तो त्या टेबलावर.

वरच्या शाळेची प्रवेशपरीक्षा नेमकी बोक-सिलच्या बाराव्या वाढदिवशी आली. वाढदिवस म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप. आणि परीक्षेच्या दिवशी नेमकं तेच चालत नाही, बुळबुळीत ना, पोर घसरते म्हणे. आजीनं तरी केलं आणि वाडगं माझ्यावर ठेवलं.

"अहो आई, आज शेवाळ? पोरीला घसरवायचंय का?" आई सासूवर उसळली.

"पोर वाढदिवसाला सुपाविना बाहेर पडणार? हिच्या बाळंतपणात महिनाभर हेच प्यालीस ना तू!"

"परीक्षा होऊ दे, मग पाजा बादलीभर!"

बोक-सिलनं दोघींकडे पाहिलं, वाडगं सारलं आणि उपाशीच उठली. चमचासुद्धा बुडवला नाही. वाडगं माझ्या छातीवर होतं, मला नाही कळणार तर कुणाला? आई मागून धावली, शाळेच्या फाटकाला तांदळाची चिक्की चिकटवायला. म्हणजे पोर शाळेला चिकटेल.

पोरीची जागा एका मार्कानं हुकली. म्योंग-ह्वाचा नंबर लागला.

"सूप प्यालीस ना?"

"नाही गं आई, शपथ!"

"खोटारडे! मग घसरलीस कशी?" आणि बत्ता उचलून तिनं माझा पाय मोडला.

बोळभर सांगत सुटली, "सासूनं सूप पाजलं, नाहीतर पोर पहिली आली असती." आजीनं त्या घरात पुन्हा शेवाळ शिजवलं नाही. आणि ते टेबल? वर्षभर पोर त्याच्यापाशी वाकून बसली, त्याला कुणी बोट लावलं नाही. ओरखडासुद्धा नाही!

म्योंग-ह्वा कॉलरला वरच्या शाळेचा बिल्ला लावून जायची, नळावर भेटली तर मान फिरवायची. बोक-सिल ओढ्यापलीकडच्या शाळेत जायची, आपला बिल्ला तळहातानं झाकून. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तू कुठल्या शाळेच्या परीक्षेत पडून इथं आलीस?" गणितं पोरीला येत होती तशीच येत राहिली. पण कुणाला समजावून सांगायचं तिनं सोडलं.

दोन वर्षांत सरकारनं ती परीक्षाच मोडीत काढली. मग पोरं पिंप फिरवून नंबराची गोळी काढायची, पडेल ती शाळा. त्या एका मार्काला कुणी विचारेना. आमच्या घरात मात्र तो बसून राहिला.

आता मी बोक-सिलच्या गॅलरीत आहे. पायाला तार, डोक्यावर मिरचीची कुंडी. आई नव्वदीपार, इथंच असते. टेबल तिच्या उशाशी आहे, त्याच्यावर औषधं, रोज पुसलं जातं. जळतोच मी अजून.

परवा बोक-सिलच्या वाढदिवसाला शेजारीण केक घेऊन आली. म्हातारी तिला म्हणाली, "सुपानं घात केला हो हिचा."

सत्तरीची बोक-सिल हळूच म्हणाली, "आई, मी प्याले नव्हते."

"प्यालीसच!"

पाय माझा गेला, जाऊ दे. पण साठ वर्षं पोरीला खोटी ठरवते आहे, आणि आजी तो ठपका घेऊन गेली. त्या दोघींची आणि माझी माफी जिनं अजून मागितलेली नाही ती ही, बोक-सिलची आई. आडनाव ओ, नाव पिल-सुन.