अक्काची सही

यामिनीचा माणसांवर विश्वास नाही, असं तिचा नवरा दर्शन चारचौघांत हसत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि खोट दिसली की परत धाडायचे, याचाच तिला पगार मिळत होता. दर्शनचं सगळं उलट. समोरचा मराठीत बोलला की हा विरघळलाच. इतकी वर्षं चेन्नईत काढूनही रिक्षावाल्याशी इंग्रजीत हुज्जत घालणारा हा माणूस. मराठी मंडळाच्या गणपतीत माधवरावांच्या तोंडचं जुनं, तंजावरी वळणाचं मराठी ऐकून तो असा काही खूश झाला, की प्रसाद हातात असतानाच त्यानं त्यांच्या घराचा सौदा पक्का करून टाकला.

"इथेंच अड्यारला आमचें घर आहे," माधवराव म्हणाले होते. "विकायचें आहे, पण परक्याला नको. आपल्या माणसानें घेतलें तर जिवाला बरें."

दर्शननं तिथल्या तिथं फोनवरून टोकनचे पैसे पाठवले. दलाल नाही, दलाली नाही, घरच्या घरात व्यवहार. यामिनीला हे जेवायला बसल्यावर कळलं आणि तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"घर बघितलंस?"

"बघू की रविवारी."

"आणि कागद?"

"अगं, आपली माणसं आहेत."

"आपली कधीपासून? आज सकाळी तुला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

दर्शननं आणखी भात वाढून घेतला. यामिनी-दर्शनचं हे पहिलंच घर होणार होतं. लग्नापासून साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं आणि वर म्हातारपणापर्यंत पुरेल एवढं कर्ज. एकदा चुकलं तर दुसऱ्यांदा घर घ्यायची ऐपत दोघांची मिळूनही नव्हती.

रविवारी घर पाहिलं आणि यामिनीची पंचाईत झाली, कारण ते तिला फार आवडलं. पहिला मजला, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, मागं रुंद गॅलरी आणि गॅलरीवर कडुनिंबाची सावली. मनातल्या मनात तिच्या तिथं दोन वेताच्या खुर्च्या टाकूनही झाल्या. आवडलेली वस्तू नीट तपासली जात नाही हे तिला कामावरून पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती जास्तच बारकाईनं बघायला लागली. नळ सोडले, खिडक्या हलवल्या, कॅलेंडर उचलून मागची भिंतसुद्धा चाचपली. माधवराव हसत हसत सगळं दाखवत होते. इतकं हसणारा घरमालक तिनं आजवर पाहिला नव्हता, आणि तेही तिला खुपलं.

स्वयंपाकघराच्या दारात एक उंच, वाळकी म्हातारी उभी होती. यामिनी जाईल तिकडं तिची नजर जात होती.

"ही आमची अक्का, कमलिनी. थोरली बहीण," माधवराव म्हणाले. "कानानें ऐकूं येत नाहीं तिला. मी कोइंबतूरला मुलाकडें चाललों, ती पण येणार माझ्यासंगें."

मग ते दर्शनला गाडी लावायची जागा दाखवायला खाली घेऊन गेले. त्यांची पाठ वळताच अक्का पुढं आली.

"पहाटे किती वाजतां उठतेस?" तिनं हळूच विचारलं.

यामिनी दचकली. "साडेपाचला. कंपनीची बस असते."

"मासे करतां घरांत?"

"नाही."

"पाहुणे येतात कां? राहायला?"

यामिनी उत्तर देणार तोच अक्का मागं सरकली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली. मग जिन्यात पावलं वाजली. ज्या बाईला ऐकू येत नव्हतं, तिला ती पावलं यामिनीच्या आधी ऐकू आली होती.

घरी येईपर्यंत यामिनीच्या डोक्याला भुंगा लागला होता. "ती बहिरी नाही. आणि आपण कधी उठतो, कोण येतं-जातं, याच्याशी हिला काय करायचंय? ही तर घर सोडून जाणार ना?"

"म्हातारी बाई आहे गं. बोलायला कुणी नसेल."

"मग भाऊ आल्यावर गप्प का बसली?"

"तुझं नेहमीचंच," दर्शन म्हणाला.

यामिनीनं मग एक वकील गाठली. श्रीदेवी तिचं नाव, कारखान्यातल्या मैत्रिणीची आतेबहीण. बाई कमी बोलणारी आणि सगळं वाचणारी. कागद चोख आहेत, कर्ज नाही, खटला नाही, पण घर माधवरावांच्या बापानं मुलगा-मुलगी दोघांच्या नावावर ठेवलंय, असं तिनं सांगितलं. म्हणजे अर्धं घर अक्काचं होतं. माधवराव म्हणत होते, आत्ताच्या विक्रीच्या करारावर तिची सही कशाला, म्हातारीला किती हेलपाटे घालायचे, ती थेट रजिस्ट्रेशनच्या दिवशी येईल. त्यावर श्रीदेवीनं दोन गोष्टी बजावल्या. करारात कलम घालायचं: बहिणीनं राजीखुशीनं सही केली नाही, कारण काहीही असो, तर टोकन महिन्याच्या आत परत, आणि तोवर पुढचा एक रुपयाही द्यायचा नाही. दुसरं म्हणजे, ज्याची सही लागणार त्याला एकदा एकट्यानं भेटायचं. विकणारा दुसरा कुणी त्या खोलीत असता कामा नये.

कलम वाचून माधवरावांचं हसू जरा आटलं. "आपल्यांत हें कसलें कोर्टकचेरीचें बोलणें?" ते दर्शनला म्हणाले. दर्शन शरमेनं लाल झाला. पण माधवरावांनी सही केली. अक्काची भेट मात्र काही केल्या होईना. कधी ती झोपलेली असायची, कधी देवळात, कधी तापानं फणफणलेली.

"तू त्यांचा अपमान करतेयस," दर्शन म्हणाला. "हे घर हातचं गेलं तर तुझ्यामुळं जाईल."

हे यामिनीला फार लागलं. रजिस्ट्रेशन शुक्रवारी होतं. मंगळवारी माधवराव बँकेत जाणार हे दर्शनच्या बोलण्यातून तिला कळलं होतं. तिनं कामाची पाळी बदलून घेतली आणि सकाळी अड्यारला जाऊन बेल वाजवली. दार अक्कानं उघडलं.

"बरें झालें एकटी आलीस," अक्का म्हणाली आणि तिला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. "ह्या फळ्या रिकाम्या केल्या तुज्यासाठीं. ही एक माजी राहूं दे. सेरी, चालेल ना?"

यामिनीला काही उमगेना. अक्का पुढं चालली होती. गॅलरीलगतच्या खोलीत तिची खाट होती, कोपऱ्यात देव होते. "ह्या खोलीचें दार मी लोटून घेईन. तुमास त्रास नाहीं. तुला पहाटे बस, म्हणून माजी आंघोळ मागून. पाहुणे आले तर हिकडें नको निजवूं, एवढेंच."

आता यामिनीला उमगलं. म्हातारी तिच्यावर पाळत ठेवत नव्हती. कुणाबरोबर राहायचंय ते पारखून घेत होती.

तिला वाटलं, आपण नुसती मान हलवावी आणि निघावं. शुक्रवारी अक्का सही करेल. पुढं ते बहीणभाऊ आणि त्यांचं नशीब. कायद्यानं आपल्याला कुणी बोट लावू शकणार नाही. उघड्या दारातून गॅलरी दिसत होती. तिला ते घर फार हवं होतं.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही इथं राहणार असं कोण म्हणालं?"

"माधव. तुमी कबूल केलेंत म्हणाला. आपलीं माणसें आहेत, म्हातारीला घालवायचीं नाहींत. फक्त तूं आधीं तोंड उघडूं नको, बहिरीसारखी राहा, नाहीं तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणाला."

"आम्हाला ते म्हणाले की तुम्ही त्यांच्याबरोबर कोइंबतूरला जाणार. शुक्रवारी तुम्ही सही केलीत की सगळं घर आमचं. ही खोलीसुद्धा."

अक्का खाटेवर बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याची सून मला घरांत घेणार नाहीं," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. माधवाला पण ठाऊक आहे."

माधवराव परतले तेव्हा दोघी तिथंच होत्या. त्यांनी यामिनीला पाहिलं, अक्काला पाहिलं, आणि चेहऱ्यावर हसू आणायच्या आतच अक्का म्हणाली, "मी सही करत नाहीं रे."

ते यामिनीवर उलटले. "व्यवहार तुमी मोडलांत. टोकनाचें नांव काढूं नका."

यामिनीनं पर्स खांद्याला लावली. "सही झाली नाही तर पैसे महिन्यात परत, काका. कारण काहीही असो. खाली सही तुमचीच आहे."

"आपल्या माणसांशीं असें वागतात?"

"करारात तसं काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली आणि निघाली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिला रडू आलं. गॅलरी गेली, घर गेलं, आणि संध्याकाळी हे दर्शनला सांगायचं होतं. मागं चपलांचा आवाज झाला. अक्का कठड्याला धरून उभी होती.

"एक विचारतें. खरें सांग. माधवानें पहिल्या दिवशींच सगळें सांगितलें असतें, तर मला ठेवलें असतें तुमी?"

हो म्हणणं सोपं होतं. आता त्यानं कुणाचं काही बिघडणारही नव्हतं.

"नाही, अक्का," यामिनी म्हणाली. "आम्ही घरच घेतलं नसतं."

अक्कानं सावकाश मान हलवली.

"माधव मला 'हो' म्हणाला होता," ती म्हणाली. "तुजें 'नाहीं'च बरें."