वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी

दिवसभर लोकांची शी तपासून घरी आले की मला कौतुक नको असतं, फक्त खुर्ची हवी असते. पण हल्ली खुर्चीत बसलं की समोर बाबा दिसायचे. गालफडं बसलेली, पट्ट्याला नवी भोकं पाडलेली. जेवण व्यवस्थित, पण अंगाला लागत नव्हतं. स्वादुपिंडाचा पाचक रस कमी पडला की असंच होतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच माझी झोप उडाली होती.

नमुन्याची डबी दिली, तर बाबांची टाळाटाळ सुरू.

"तुझ्या त्या लॅबमधल्या पोरींच्या नाकासमोर माझी शी? जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

"बाबा, आम्ही रोज तेच बघतो. तुमची काही सोन्याची नाही."

शेवटी एकदा सकाळी डबी टेबलावर दिसली, वर्तमानपत्रात चार वेढे गुंडाळलेली.

तपासणी मीच केली. पाचक रस भरपूर होता. माझा जीव भांड्यात पडला, हातमोजे न काढताच मी रडले. रक्त तपासायच्या पट्टीवर मात्र रेघ उमटली होती. शीमध्ये डोळ्यांना न दिसणारं रक्त होतं.

रात्री आई वाढत असताना मी सांगितलं, "बाबा, स्वादुपिंड ठीक आहे. पण रक्त जातंय. दुर्बिणीने आतडं बघावं लागेल."

बाबांचा घास हातातच राहिला. "नक्की?"

"दोनदा बघितलंय."

"अगं, ती माझी नव्हती." त्यांनी मान खाली घातली. "माझ्या शीचा वास मलाच सोसवत नाही. तुझ्या कामाच्या जागी ती कशी पाठवू? मी हिला म्हटलं, तुझी दे."

आई हसली. "म्हटलं, देऊन टाकू. माझं पोट कसं घड्याळासारखं!"

तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या आलं होतं.

मला खूप ओरडायचं होतं. मी पर्समधून एक नवी डबी काढून बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने खिशात घातली. मग ते उठले आणि त्यांनी आईच्या हातातला डाव काढून घेतला.

"तू बस. मी वाढतो."

"हे काय नवीनच?" आई म्हणाली, आणि हसत हसत माझ्याकडे बघत राहिली.