पातेलं खाली, साहेब वर

डोंगरावरच्या त्या गावात माणसाचं वजन पोत्यांत सांगायचे. ट्रॉलीवाल्याची सासू सव्वा पोतं. मास्तर पाऊण पोतं, तेही छत्रीसकट. कारण गावाला रस्ता नव्हता, होता फक्त एक जाड दोर आणि त्याच्या दोन टोकांना दोन ट्रॉल्या. वरचीत जास्त वजन भरलं की ती खाली जायची आणि तिच्या ओढीनं खालची वर यायची. इंजिन नाही, डिझेल नाही. बटाटे असले तर बटाटे, नसले तर दगड, आणि ट्रॉलीवाल्याच्या हातात ब्रेक.

त्या दिवशी खालच्या रुग्णालयाचे मॅनेजर जेवायला येणार होते. तिथल्या पेशंटांना भाजी यायची लांबून, ट्रकनं, घामेजून मान टाकलेली. आणि गावची ताजी भाजी गुरं खायची. मॅनेजर म्हणाले होते, "आधी चव बघू, मग बोलू." म्हणून ट्रॉलीवाल्याच्या बायकोनं पहाटेपासून चूल पेटवली होती. जेवण आवडलं तर ट्रक बंद, नाहीतर पुन्हा गुरांचीच चंगळ.

खालून फोन आला. "बसलोय. हलत नाही."

"एकटेच ना तुम्ही?"

"दोन सहायक आहेत. आणि मी जरा... भरीव आहे."

ट्रॉलीवाल्यानं मनात मांडलं: पाच पोती. बटाटे अजून जमिनीत. तो दगडांच्या ढिगाकडे वळला, तर ढीग गायब.

"मास्तर, दगड कुठायत?"

मास्तरांनी अभिमानानं वाटेकडे बोट दाखवलं. पाहुण्यांसाठी त्यांनी नवीकोरी भिंत बांधली होती, वर चुना फासून. "सिमेंट पक्कं बसलंय बघ. हत्ती आला तरी हलायची नाही."

"हत्तीच येतोय मास्तर, आणि तोच हलत नाहीये!"

मग स्वागताला मांडलेले भोपळे ट्रॉलीत गेले. कोबी गेले, गाजरं गेली. ट्रॉली ढिम्म.

"सासूबाई, बसता का जरा?"

"मेल्या, मी काय धोंडा आहे?"

शेवटी त्याची नजर चुलीवरच्या दोन मोठ्या पातेल्यांवर गेली. बायकोनं ती नजर ओळखली.

"अहो, खबरदार!"

"अगं, पाहुणेच नाही आले तर खाणार कोण?"

झाकणं दोरीनं आवळून पातेली ट्रॉलीत चढली आणि ट्रॉली कशी अलगद निघाली. अर्ध्या वाटेत, दरीच्या मधोमध, साहेब वर चालले होते आणि रस्सा खाली. साहेबांनी मान वळवून वळवून वास घेतला.

"छान वास येतोय," वर उतरल्या उतरल्या ते म्हणाले. "कधी वाढताय?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं दरीकडे.

साहेबांना झाडावरची सफरचंदं दिली. त्यांनी ती खाल्ली, पण सफरचंदावर कुणी ट्रक बंद करत नाही. "भाजीची चव काही कळली नाही," एवढंच म्हणून ते परत निघाले. बायको घरात जाऊन पाटावर बसली. ट्रॉलीवाल्यानं खालच्यांना तेवढं कळवलं, "आमची पातेली ट्रॉलीत ठेवा," आणि ब्रेक सोडला.

या वेळी वजनाची चिंता नव्हती. साहेब झरझर खाली निघाले आणि समोरून वर येऊ लागला रुग्णालयाचा आचारी, मांडीवर रिकामी पातेली घेऊन.

"तू कुठे निघालास?" साहेब दरीतून ओरडले.

"बाईंना विचारायला, रश्श्यात काय घातलं! साहेब, पेशंट दुसऱ्यांदा मागतायत! घरी सोडलेले दोघं परत जेवायला बसले!"

"माझ्यासाठी ठेवलंयस का थोडं?"

"तळ पुसून खाल्ला!"

ट्रॉल्या एकमेकींपासून लांब जायला लागल्या. साहेबांचा आवाज खालून बारीक होत आला, पण ट्रॉलीवाल्याला स्पष्ट ऐकू गेला.

"उद्यापासून ट्रक नको म्हणून सांग! आणि बाईंना म्हणावं, रस्सा पुन्हा करा, मी येतोय!"

बायको पदराला हात पुसत दारात आली होती. "आता? उद्या यांना वर कशानं ओढणार?"

ट्रॉलीवाल्यानं पहार उचलली आणि मास्तरांच्या भिंतीकडे निघाला.