ज्वारीच्या पोत्यावरचा रिसीव्हर

मी एक जुना मोडेम हाय, मित्रांनो. कासुर्डीत संपतआप्पांच्या दुकानामागच्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी माझी जागा. फोनची तार पहिल्यांदा जोडली तवा मी थरारलोच. एवढं मोठं जग, आन् सुतळीएवढ्या तारंत मावतंय. मी किंचाळायचो, दिवे लुकलुकायचे, की पोरं दारात गोळा.

एकदा आप्पांच्या सुषमाताईला पुण्याच्या कंपनीला ईमेल धाडायचा होता, कामावर येते म्हणून. पाचच्या आत, न्हाईतर नोकरी दुसऱ्याला. आन् कनेक्शनच लागंना.

शिरूरला कॉम्प्युटर क्लास करणारा मामेभाऊ सतीश घरीच होता. त्यानं पासवर्ड परत टाकला, मेलच्या प्रोग्रॅमातलं सर्व्हरचं नाव तपासलं, माझी वायर काढून फुंकर मारली. काय उपेग न्हाई.

"क्लासला जातूस का भेळ खायला?" ताई म्हणाली.

मला सगळं ठाव होतं, पर सांगू कसं? दुकानातला फोन आन् मी एकाच तारंवर, एक चालू असला की दुसरा बंद. शेजाऱ्यांचे फोन बी तिथंच यायचे. कुशाबाईचा बिरदेव सैन्यात, त्याचा फोन आलेला. आप्पा रिसीव्हर ज्वारीच्या पोत्यावर ठिवून तिला बोलवायला मेंढवाड्याकडं पळालेले. तारंत बिरदेव वाट बघत होता. त्याच्यामागं वारा घोंघावत होता, बर्फावरचा. पार हिमालयातला वारा, मित्रांनो, माझ्या पोटात.

शेवटी सतीश म्हणाला, डायल टोनच न्हाई तर फोन बघाय पायजे. ताई दुकानात धावली. रिसीव्हर उचलला, ठिवणारच, तवर आतनं आवाज आला.

"आई?"

"आई न्हाई, सुषमा. आई येतीय."

"ताई, ठिवू नका. परत नंबर कवा लागंल, सांगता यायचं न्हाई."

ताईनं घड्याळाकडं बघितलं. मग रिसीव्हर हळूच पोत्यावर ठिवला आन् तिथंच उभी राहिली.

कुशाबाई आली, धापा टाकीत. म्हणाली, "काळ्या मेंढीला दोन कोकरं झाली बघ." एवढंच. तिकडं बिरदेव हसला. ते हसू बी माझ्यातनं गेलं.

फोन खाली ठिवला, आन् मी असा किंचाळलो, काय सांगू. पाचाला थोडंच कमी असताना ताईचा ईमेल गेला. नोकरी तिलाच मिळाली.

आता इंटरनेटची नवी वायर आली, मी कपाटावर धूळ खातोय. मला पुसा न्हाई तर नका पुसू. पर बाजूला ठिवलेला रिसीव्हर दिसला, तर जागेवर ठिवायच्या आधी कानाला लावा, मित्रांनो. पलीकडं कुणीतरी उभं असंल.