उपासाच्या कढईला लसूण

आमचा श्यामसुंदर हल्ली अख्ख्या सोसायटीला सांगत सुटलाय, "आमच्या उपासाच्या कढईनं माझा घात केला." परवा लिफ्टमध्ये सांगितलं, काल दूधवाल्याला सांगितलं. साठी उलटलेला माणूस, पण स्वतःच्या जिभेचं खापर भांड्यावर फोडतो! मी चुलीवरचे चटके मुकाट सोसले, पण हा आळ सोसणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कढई आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुम्ही सगळी माझ्या पणतवंडांच्या वयाची. शाळेची पायरी मी चढले नाही. मला दोनच शब्द वाचता येतात, तेही माझ्याच काठावर कोरलेले म्हणून: 'सौ. मथुरा'. मथुराबाई म्हणजे श्यामसुंदरची आई. एवढ्या विद्येवर माझं आजवर कुठे अडलं नाही.

माझा जन्म इथल्या, पुण्याच्या तांबट आळीतला. ठोके घालून घालून मला आकार दिला, त्या ठोक्यांचे वण अजून माझ्या अंगावर आहेत. शेजारच्या फळीवर एक काळी नॉनस्टिक पोरगी असायची, चमचा लागला तरी ओरखडायची आणि तोंड पाडून बसायची. मी मार खाऊनच जन्माला आले. मला ओरखड्याचं काय कौतुक?

मथुराबाईंनी मला घरी आणलं त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, "ही उपासाची कढई. हिच्यात कांदा नाही, लसूण नाही. कुणी हात लावायचा नाही." बाकीची भांडी रोज राबायची आणि मी वरच्या फळीवर देवीसारखी बसायचे. एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी मला मानानं खाली घ्यायचे. तुपात जिरं तडतडायचं, हिरवी मिरची पडायची, मग मोत्यासारखा भिजलेला साबुदाणा आणि दाण्याचं कूट. खिचडी माझ्यात कधी चिकटली नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, "मथुराबाई, अशी मोकळी खिचडी पुण्यात होत नाही." बाई हसायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. कोणाचं कौतुक चाललंय, ते आम्हा दोघींना कळायचं.

श्यामसुंदर तेव्हा एवढासा होता. बाई त्याला सुंद्या म्हणायच्या. सकाळी वरणभात चापून बसलेलं हे कार्टं जिऱ्याचा वास आला की डोळे मिटून म्हणायचं, "आई, आज माझापण उपास आहे." 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं केली, त्यानं आमच्या सुंद्याला पाहिलं असणार. बाईंना सगळं कळायचं. त्या माझ्या तळाची कुरकुरीत खरवड उलथन्यानं काढायच्या आणि त्याच्या तळहातावर ठेवायच्या. तो फुंकर मारमारून खायचा.

पुढे मथुराबाई गेल्या. श्यामसुंदर कचेरीत लागला, लग्न झालं, बिबवेवाडीला फ्लॅट घेतला. त्याची बायको हेमा मोठी हुशार. तिनं सासूबाईंचा नियम मोडला नाही. खिचडी ती सासूपेक्षा मऊ करते. खोटं कशाला बोलू? पण श्यामसुंदरनं तसं एकदाही कबूल केलं नाही. दर वेळी घास घेऊन म्हणायचा, "आईची आठवण आली." हेमा म्हणायची, "येऊ द्या. वाढू का अजून?" आणि तो ताट पुढे करायचा.

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षीचे गणपती आले. निवृत्त झालेला हा बुवा नवी कोल्हापुरी चप्पल घालून विसर्जनाची मिरवणूक बघायला गेला आणि टाच सोलून घेऊन आला. पितृपक्ष संपत आला तरी टाच ओलीच. पाणी पिऊन तहान भागेना, बाथरूमच्या खेपा संपेनात. हेमानं त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. परत आल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो म्हणाला, "टाइप टू मधुमेह आहे म्हणे."

हेमानं गोळ्यांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"आमच्या घराण्यात नाही कुणाला," तो म्हणाला. "आणि हे बघ, बाहेर कुणाला सांगायचं नाही."

"अहो, अर्ध्या सोसायटीला आहे. लपवायला ती काय चोरी आहे?"

"तरी नको."

हेमा खाली बसली आणि त्याची टाच हातात घेऊन बघू लागली. "माझ्या नानांचं असंच टाचेपासून सुरू झालं होतं," ती म्हणाली. "त्यांनीही लपवलं. शेवटी गुडघ्याखाली पाय ठेवला नाही डॉक्टरांनी." तिचा आवाज मी इतक्या वर्षांत असा कधी ऐकला नव्हता. फोडणी जळत असतानासुद्धा शांत असणारी बाई ती.

आता ऐका आमच्या शहाण्यानं काय केलं ते. दोन दिवसांनी घट बसले. हा अंघोळ करून आला आणि म्हणाला, "हेमा, साखर बंद, चहा बिनसाखरेचा. आणि नऊ दिवस कडक उपास. अन्नच पोटात गेलं नाही तर साखर चढेल कशी?"

"आणि गोळ्या?"

"उपासात गोळी? उपास मोडतो!"

मित्रांनो, गोळीनं उपास मोडतो आणि परातभर खिचडीनं मोडत नाही, हे शास्त्र आमच्या सुंद्याचंच. पुढचा आठवडाभर मला फळीवर चढायला फुरसत मिळाली नाही. खिचडी झाली की बटाट्याचा कीस, संध्याकाळी रताळी, मध्ये वरई. माझा दिमाख काय विचारता! हेमा डाव थांबवून विचारायची, "डॉक्टरांना फोन करून विचारू का हो?" तर हा म्हणायचा, "देवीचं व्रत आहे. डॉक्टरांना त्यातलं काय कळतं?"

अष्टमीला त्यांची मुलगी स्वराली आली. ती खराडीला नोकरी करते. हेमानं तिला गुपचूप कळवलंच होतं. तिनं पर्समधून बोटाचं रक्त तपासायचं छोटं मशीन काढलं. श्यामसुंदर ऐटीत म्हणाला, "घे, तपास. आठवडाभर अन्नाचा कण नाही पोटात." खिचडी खाऊन दोन तास झाले होते. स्वरालीनं बोट टोचलं, आकडा बघितला आणि पुन्हा टोचलं.

"बाबा, तीनशेच्या वर आहे."

"मशीन बिघडलंय."

"मशीन नवीन आहे, बाबा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. त्याची पोटात साखरच होते. बटाटा, रताळी, तेच. तुम्ही डब्यातली साखर बंद केलीत आणि कढईतली दुप्पट खाल्लीत. वर गोळ्यापण नाहीत!"

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या रझिया मॅडम डबा परत द्यायला आल्या होत्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण नजर अजून परीक्षेच्या हॉलमधली. श्यामसुंदरनं झटकन मशीन पेपराखाली सारलं.

"काय लपवताय भाऊ?" त्या म्हणाल्या. "तसलंच माझ्याकडेपण आहे. पंधरा वर्षं झाली मला."

श्यामसुंदरचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला? पण तुम्ही तर रमजानचे रोजे धरता."

"धरते. पण आधी डॉक्टरांकडे जाते. यंदा जमेल का, गोळ्या कधी घ्यायच्या, सगळं विचारते. एका वर्षी ते नको म्हणाले, मी नाही धरले. अल्लाला समजतं सगळं. तुमच्या देवीला समजत नाही, असं तुम्हाला वाटतं का?"

हेमा पुढे आली. डबा ठेवून घेतला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अहो, एकदा खरं सांगा. उपास तुम्ही देवीसाठी करताय की खिचडीसाठी? देवी रागावली तर मी तिची समजूत घालीन. तुमचा पाय गेला तर मी कुणाची समजूत घालू?"

तो उठला. माझ्याकडे बोट करून ओरडला, "हिच्यामुळे! ही समोर दिसते म्हणून खावंसं वाटतं. मोडीत घाला हिला!"

सगळ्यांसमोर बोलला हे. कढईत जे टाकाल तेच शिजणार. मी काय उठून त्याच्या ताटात वाढायला गेले होते? पण भांड्याला कोण विचारतं! हेमाला मोडीत घालवेना. तिनं मला माळ्यावर ठेवलं.

माळ्यावर कोण कोण होतं म्हणून सांगू? गणपतीचं मखर, तुटका मिक्सर आणि सोडचिठ्ठी दिलेल्या उशा. माझी कल्हई काळवंडली. एका पालीनं माझ्यात अंडी घातली. देवीसारखी फळीवर बसणारी मी, मला तिनं बाळंतिणीची खोली केलं! पण कान शाबूत होते. खाली काय चाललंय ते ऐकू यायचं. भाकऱ्या थापल्याचा आवाज, काकडी चोचवल्याचा आवाज. "गोळी घेतलीत?" "घेतली गं बाई." जेवण झालं की दार वाजायचं आणि दोघं चालायला निघायची. सुरुवातीला हा कुरकुरायचा, "लोक विचारतील काय म्हणून फिरताय." मग एक दिवस जिन्यातून त्याचाच आवाज आला, कुणालातरी सांगत होता, "मला डायबेटिस आहे ना, म्हणून." तेव्हा मला कळलं, पठ्ठ्यानं औषध खऱ्या अर्थानं घ्यायला घेतलं.

माळ्याच्या दाराच्या फटीतून थोडं दिसायचंही. रोज संध्याकाळी हेमा चष्मा लावून त्याची टाच बघायची. तो स्टुलावर पाय ठेवून लहान मुलासारखा बसायचा. दिवाळीच्या सुमारास एकदा ती म्हणाली, "भरली." नुसतं एवढंच. नंतर तिनं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

संक्रांतीनंतर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, साखर पुष्कळ खाली आली आहे, असंच चालू ठेवा, आजार जात नाही पण मुठीत राहतो. त्याच संध्याकाळी हेमा हळदीकुंकवाला गेली होती. माळ्याचं दार करकरलं. श्यामसुंदर स्टुलावर चढला होता. त्यानं मला खाली घेतलं, पालीचा पसारा झटकला आणि सदऱ्याच्या टोकानं माझा काठ पुसत बसला. 'सौ. मथुरा' ही अक्षरं दिसायला लागली तसा हळूच म्हणाला, "आई, रागावलीस का गं?"

हेमा दारातूनच कडाडली, "झालं! रिपोर्ट चांगला आला म्हणून आता खिचडीचा सत्यनारायण घालणार वाटतं?"

"नाही गं. हिला कल्हई करून आणतो. मग रोजची भाजी हिच्यातच कर. आईचं नाव आहे, रोज डोळ्यांसमोर राहू दे. खिचडीतच आई आहे असं धरून बसलो होतो मी."

"मी मेथीला लसूण घालते, लक्षात आहे ना?"

त्यानं काठावरून पुन्हा एकदा सदऱ्याचं टोक फिरवलं. "घाल," म्हणाला.

कल्हईवाले आता सहज मिळत नाहीत. रझिया मॅडमच्या ओळखीच्या हुसेनभाईंनी मला भट्टीवर ठेवलं, नवसागर फिरवला, कथिल घासलं आणि मी आतून चांदीसारखी झाले. आणि मग ती मेथी! तेल तापलं, लसणाची पहिली पाकळी पडली आणि माझं जन्माचं सोवळं एका चर्रर्रमध्ये संपलं. मी संतापणार होते. पण मित्रांनो, वास बरा होता. वरच्या फळीवर महिन्यातून दोनदा पूजा करून घेण्यापेक्षा रोज दोन्ही वेळा शेगडीवर असणं बरं, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. आता शेवग्याच्या शेंगा, दोडकी, घेवडा, सगळे माझ्याकडे येऊन जातात. नॉनस्टिक पोरगी माळ्यावर गेली. तिला म्हणावं, पाल भेटेल, घाबरू नकोस.

आज महाशिवरात्र झाली. श्यामसुंदरनं डॉक्टरांना आधी विचारलं. कडक उपास नको, गोळी वेळेवर, खिचडी छोटी वाटीभर आणि सोबत काकडी, ताक असं ठरलं. हेमानं मला घासूनपुसून, लसणाचा वास घालवून, पुन्हा तूप-जिऱ्याची फोडणी दिली. त्यानं वाटीभर खाल्ली. वाटी चाटूनपुसून ठेवली. मग हेमा पाणी आणायला वळली आणि हा उलथनं घेऊन माझ्याकडे आला. तळाशी खरवड होती, सोनेरी, कुरकुरीत. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. साठी उलटली तरी सुंद्या तो सुंद्याच. त्यानं खरवड सोडवली, तळहातावर घेतली, फुंकर घातली.

मी श्वास रोखून बघत होते.

हेमा वळली. त्यानं तो हात तिच्यापुढे केला. "धर. खिचडी तू आईपेक्षा चांगली करतेस," म्हणाला. "बोललो नव्हतो कधी."

हेमानं खरवड तोंडात टाकली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." पण डोळे हसत होते.

त्यानं उलथनं माझ्यात टाकलं. खण्णकन आवाज झाला. तो आवाज माझाच होता, मोठ्यानं, त्याच्या तोंडावर बोलले मी:

"सुंद्या, घात तुझ्या जिभेनं केला, माझ्या पोटानं नाही, हे आधी सोसायटीभर सांगून ये. पाय राखलास, बायकोचं ऐकलंस, आज खरवडही सोडलीस. मथुराचा मुलगा शोभलास. आता उभा काय राहिलास? मला ओली ठेवू नकोस, रिकामी विस्तवावर ठेवू नकोस, आणि जा, तुझी चालायची वेळ झाली."