सरोजाला लावलेला रंग

मी अप्पाराव. कुंभकोणच्या नाटक कंपनीत तीस वर्षं तोंडं रंगवली. मिशा काढलेल्या बाप्यांच्या राण्या केल्या, फाटक्या माणसांचे राजे केले. फुशारकी नाही मारत. बरं, मारतो थोडी. दुसरं काय कमावलंय मी?

माझी मुलगी सरोजा. नवव्या वर्षी तिला देवी आल्या. जीव वाचला, पण दोन्ही गालांवर व्रण राहिले. बावीस पुरी झाली तरी कुठे जमेना. शेवटी लग्नं जुळवणाऱ्या तुकोजीनं पट्टीश्वरमचं स्थळ आणलं. मुलगा शाळेत मास्तर, घरात अजून मराठी बोलणारी माणसं. आमच्या तंजावरकडच्या मराठी लोकांत अशी घरं आता किती उरलीत?

रविवारी संध्याकाळी सहाला बघायला यायचं ठरलं. मी मनात म्हटलं, दिवेलागणीला तिच्या तोंडावरचा माझा रंग कोण ओळखतोय. पण साडेचार ते सहा राहूकाळ, त्यात वाटेला लागायचं नाही, म्हणून मुलाच्या आईनं बेत बदलला. तीन वाजता तुकोजी धापा टाकत आला. "अप्पाराव, मंडळी बसमधून उतरली. अर्ध्या तासात येतील."

सरोजा म्हणाली, "अप्पा, रंग नको. पावडर पुरे."

"गप बस. तुला काय कळतंय यातलं?"

तिला माजघरात बसवलं. तिथं खिडकी नाही. कंदील लावला, मला दिव्याचीच सवय. पांढरा सफेता, पिवळी पिवडी आणि चिमूटभर लाल हिंगूळ खोबरेलात घोटून एकेक खड्डा भरला. कंदिलाच्या उजेडात पोर अशी दिसली की माझे डोळे भरून आले. बायको दारातून म्हणाली, "अहो, फार झालं." तिलाही मी झिडकारलं.

पाहुणे घरातल्या उघड्या चौकाच्या कडेला बसले होते. वरून ऊन सरळ आत. सरोजा सोज्जी-बज्जीचं, म्हणजे शिरा-भज्यांचं ताट घेऊन बाहेर आली. उन्हात तो चेहरा नव्हताच, मुखवटा होता. घाम फुटला तसा व्रणाव्रणाभोवती रंग तडकला. मुलाची बहीण पदराआड हसली.

मुलाची आई हसली नाही. तिनं सरोजाच्या हातातलं ताट घेतलं. "जा बाळ, तोंड धुऊन ये."

सरोजा धुऊन आली. बाईनं तिला नीट पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "व्रणांचं तुकोजींनी आधीच सांगितलं होतं. चालेल म्हणूनच आलो होतो आम्ही. पण तुम्ही झाकायला बघितलंत. आणखी काय झाकलं असेल, आम्हाला कसं कळावं?"

सोज्जीला हात न लावता मंडळी गेली. मी तुकोजीवर उखडलो, मला का नाही सांगितलंस म्हणून. तो म्हणाला, "तुमचीच मुलगी. मला वाटलं, आहे तशी दाखवाल."

सरोजा ताटं उचलत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं, पोरी."

"ते लोक गेले तर गेले, अप्पा," ती म्हणाली. "पण मला वाटायचं, या घरात तरी माझं तोंड कुणाला खुपत नाही. तुम्हालाही बघवत नव्हतं का?"

तसं नाही गं, असं म्हणायचं होतं. पण शरमेनं माझी मान वर होईना. मी तिच्या तोंडाकडे बघेन म्हणून ती तशीच उभी राहिली. मग ताटं घेऊन आत गेली.